ऐकू आले नाही, हे कोणी सांगावे?

लॅपटॉपचा मायक्रोफोन हा विषय या पानावर पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. पण शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी त्या बारीकशा छिद्राकडे जरा लक्ष द्यावे, असे मला एका प्रसंगापासून वाटू लागले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत बेळगाव, वडोदरा, इंदूर, हैदराबाद अशा दूरदूरच्या मंडळ्यांतील आम्ही काही शिक्षक व्हिडिओ कॉलवर एकत्र येऊ लागलो. टाळेबंदी उठली, पण सभा चालूच राहिल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात नाताळच्या कार्यक्रमाविषयी अशीच सभा होती. आम्ही चौदा जण होतो आणि सभा मी चालवीत होतो. हैदराबादच्या एक वडीलधाऱ्या बाई बोलत असता त्यांचा आवाज मध्येच बंद पडला. पडद्यावर ओठ हलत होते, हातही हलत होते. माझ्याच लॅपटॉपला काही झाले असेल असे समजून मी आवाज वाढवून पाहिला. तेवढ्यात त्यांचे ओठ थांबले. मी म्हटले, "धन्यवाद, बाई," आणि पुढचा विषय घेतला. बाकीचे बाराही जण गप्प राहिले.

जानेवारीत त्यांचा फोन आला. त्यांच्या वर्गात बोलताना अडखळणारा एक मुलगा आहे. नाताळात त्याला पाठांतर द्यावे काय, इतर मुले हसली तर काय करावे, हे त्यांनी त्या दिवशी आम्हांला विचारले होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यापैकी कोणीच होय म्हणाले नाही, म्हणून मी त्याचे नाव काढले. घरी आईजवळ बसून तो रोज म्हणत होता हो." आमच्या शांततेला त्यांनी आमचे उत्तर मानले होते.

मायक्रोफोन बिघडलाच नव्हता. शेजारच्या खोलीत नातवाने ब्लूटूथ इअरफोन डबीतून बाहेर काढले. ते पूर्वी याच लॅपटॉपला जोडलेले होते, म्हणून आपोआप पुन्हा जोडले गेले, आणि लॅपटॉपने स्वतःचा मायक्रोफोन सोडून त्यांचा धरला. स्पीकर मात्र बाईंनी कॉलच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचाच निवडून ठेवला होता, त्यामुळे आमचा आवाज त्यांना येत राहिला. माईकच्या चिन्हावर आडवी रेघही नव्हती. त्यांनी आपण ऐकले जात आहोत असे का समजू नये? यंत्र बहिरे झाले नव्हते, त्याचा कान दुसऱ्या खोलीत होता इतकेच.

घरातला दिवा गेला तर ते घरच्यांना प्रथम कळते. मायक्रोफोनचे उलटे आहे. ज्याचा आवाज गेला तोच ते जाणणारा शेवटचा. मग सांगण्याचे कर्तव्य कोणाचे? त्या बारा जणांना मी एकेक करून विचारले. कोणाला वाटले, आपल्याच बाजूला बिघाड आहे. कोणाला वाटले, सभा चालवणारा सांगेल. दोघे म्हणाले, वयाने एवढ्या मोठ्या बाईंना मध्येच कसे थांबवावे? हा शेवटचा संकोच आपल्या मंडळ्यांत सद्गुणात मोडतो. मला तो तसा वाटेनासा झाला आहे. मान द्यायचा म्हणून आम्ही त्यांना भिंतीशी बोलू दिले, यात मान तो कसला?

माझी गोष्ट आणखी वाईट. आवाज वाढवूनही काही आले नाही, हे मला ठाऊक होते. तरी जे ऐकलेच नाही त्याबद्दल मी आभार मानले. हे खोटे बोलणे झाले काय, यावर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. घाई होती, वेळ संपत आली होती, सगळे खरे. तरी उत्तर 'झाले' असेच येते.

बोलणाऱ्याने काहीच करू नये असे नाही. सभेपूर्वी कॉलच्या सेटिंगमध्ये कोणता मायक्रोफोन निवडला आहे, त्याचे नाव वाचावे. नको असल्यास ब्लूटूथ बंद ठेवावे. लॅपटॉपच्या रेकॉर्डरवर दोन वाक्ये बोलून ऐकावीत. ती नीट उमटली तर यंत्र ठीक आहे, अडचण कॉलच्या अ‍ॅपमध्ये किंवा परवानगीत आहे. विंडोजमध्ये ही परवानगी प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये सापडते. अ‍ॅपलच्या संगणकावर २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला ती विचारावी लागते, आणि दिल्यावर कधी कधी ते अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडावे लागते. ही आडकाठी वैताग आणते, पण घरातले बोलणे कोणीही ऐकू नये म्हणून ती आहे. चिडून सगळ्यांनाच दार उघडू नये. छिद्रात टाचणी तर मुळीच घालू नये. (गायनवर्ग घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: हार्मोनियमचा लांब सूर पंख्याची घरघर समजून अ‍ॅप गाळून टाकते. झूममध्ये त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' चालू करावे.)

पण ही सगळी सभेपूर्वीची तयारी. बाईंचा आवाज गेला तो मध्यावर, आणि तो गेल्याचे फक्त आम्हांला दिसत होते.

आता कोणाचे बोलणे संपले की ते काय म्हणाले हे मी एका वाक्यात परत सांगतो आणि बरोबर आहे ना, असे विचारतो. सभा लांबते. दोघा तरुणांनी कुरकुरही केली. आवाज गेला तर पाहणाऱ्या पहिल्या माणसाने हात वर करावा, मग बोलणारे पाळकसाहेब का असेनात, असेही ठरले आहे. मध्यंतरी एका नवख्या शिक्षिकेने मलाच थांबवले. चार मिनिटे मी कोणालाच ऐकू येत नव्हतो. क्षणभर राग आला, हे कबूल करतो.

२०२४ च्या ईस्टरला बाईंनी त्या मुलाला पाठांतराविषयी विचारले. तो नको म्हणाला. त्या अजून विचारीत असतात.