बिनकामाचा प्रवास

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात माणूस गाव सोडतो तो कामानं. लग्न, मयत, बाजार, दवाखाना, तहसील, कोर्ट. देवाला जायचं तर तेही नवस फेडायला. एसटीत शेजारी बसणारा आधी विचारतो, ‘कुठं चालले?’ आणि लगेच, ‘काय काम काढलं?’ ‘सहज’ हे उत्तर तिथं खपत नाही. सहज फिरणारा एक तर पैसेवाला असतो, नाही तर संशयित.

याच खेड्यांतली काही मुलं आता युरोपात शिकतात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे, चेव्हनिंग आहे, इरॅस्मस आहे. आणि त्यांचे अर्ज कसे भरायचे ते शिकवणारी ‘एकलव्य’ ही संस्था तर २०१७ साली यवतमाळातच उभी राहिली. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ झाली की वसतिगृह रिकामं होऊ लागतं. रात्रीची स्वस्त बस, हॉस्टेलात आठजणांच्या खोलीतली वरची खाट, डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच मुलगा या लोंढ्यात सामील होतो, पण थोडा अंग चोरून.

कोलोनला स्टेशनाबाहेर पडलं की समोरच ते काळवंडलेलं कॅथेड्रल उभं असतं. पाया १२४८ सालचा, कळस चढला १८८० साली. अशा वेळी पोरगा घरी व्हिडिओ कॉल लावतो. बाप शेतात असतो. त्याच्या मागे ओट्या बांधलेल्या बाया कापूस वेचत असतात. तो मान वाकडी करून मनोरे बघतो, ‘लय उच्च हाये’ म्हणतो, आणि मग विचारतो, ‘पन काम काय होतं थ्या गावाले?’

या प्रश्नात रागही नाही, टोमणाही नाही. तरी तो पोराला लागतो. त्याचा माग काढत गेलं तर वाट पुन्हा कापसातच शिरते.

शनिवार-रविवारची सुट्टी काही निसर्गानं दिलेली नाही. शेतीच्या चक्राचे थांबे वेगळे: पोळ्याला बैल जुंपायचे नाहीत, बाजाराच्या दिवशी मजूर कामावर येत नाहीत. आठवड्याला कायद्याची कुंपणं घातली ती गिरण्यांनी. मँचेस्टरजवळ स्टायलला १७८४ साली उभी राहिलेली क्वारी बँक ही सूतगिरणी आज संग्रहालय आहे. तिकडे शिकणारी मुलं ती बघायला जातात. तिथं ज्या घरात बालमजूर ठेवत, तेही जपलेलं आहे. अशाच गिरण्यांतल्या बायका-मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबलं पाहिजे, असं १८५० च्या कायद्यानं ठरवलं. ती अर्धी सुट्टी म्हणजे आजच्या वीकेंडचं बीज.

आपल्याकडचा रविवारही गिरणीतूनच आला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून त्यासाठी झगडत होते; मुंबईच्या मालकांनी १० जून १८९० ला मागणी मान्य केली. या दोन्ही सुट्ट्यांच्या मुळाशी कापूस आहे, आणि त्यात वऱ्हाडचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतल्या यादवीनं १८६१ ते ६५ या काळात तिकडचा माल अडला तेव्हा लँकेशायरची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. उमरावतीच्या, म्हणजे आजच्या अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणवला जाणारा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाई. पुढे तो बंदराकडे नेण्यासाठी यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वे धावू लागली. तिचं १९२१ सालचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच होतं. आपल्या मालानं युरोप पाहिला तो असा, कामानं. त्याच वाटेनं दीडशे वर्षांनी आपलं पोरगं बिनकामाचं जातं, याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. ‘इथं काय काम?’ हे बाप काळजीनं विचारतो, पोलीस हुकमतीनं. यवतमाळच्या फासेपारध्यांना ते पुरतं ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं फिरणं हाच गुन्हा ठरवला. नोंद झालेल्या माणसाला परवानगीशिवाय मुक्काम हलवता येईना. १९५२ साली कायदा गेला, संशय राहिला. आज विद्यार्थी जर्मनीतून बेल्जियममध्ये शिरतो तेव्हा बहुधा कुणी अडवत नाही. १९८५ साली शेंगेन या छोट्याशा गावाजवळ झालेल्या कराराची ती करामत. म्हणजे भटकणाऱ्याचे पाय तेच असतात. त्याच्याकडे कुणाचं कागदपत्र आहे, यावर तो पर्यटक की गुन्हेगार ते ठरतं.

लंडनला गेलेली आपली मुलं बहुधा एखादा शनिवार १०, किंग हेन्रीज रोडसाठी राखतात. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ साली घेतलं. बाबासाहेबांना असे शनिवार फारसे मिळाले नसावेत. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलेला तो विद्यार्थी. १९२० ला पुन्हा आला तेव्हा प्रत्येक तास वाचनालयात गेला. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. स्वतःला जी उसंत लाभली नाही ती त्यांनी दुसऱ्यांच्या आठवड्यात कायद्यानं घातली. त्या दारात उभ्या राहिलेल्या पोरानं आपल्या सुट्टीची लाज धरणं हे त्या कायद्याला न शोभणारं आहे.

मात्र तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. वेचणीची मजुरी आजही किलोवर मिळते. बाई एक दिवस घरी बसली की त्या दिवसाचे पैसे बुडाले. तिच्या आठवड्याला रविवार आहे, भरपगारी सुट्टी नाही. तिनं सहस्रकुंडचा धबधबा ‘सहज’ बघून यावा, असं कुणाच्या मनातही येत नाही. खाणं, शाळा, पदवी यांच्या रांगेत बिनकामाचं फिरणं सगळ्यात शेवटी उभं असतं, आणि शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत खिडकी बंद होते. शेतमजुराची भरपगारी सुट्टी मागायची तर तिचा मसुदा कोलोन पाहून आलेल्या अशाच एखाद्या पोरानं लिहावा. उसंत माणसाला काय देते हे त्यानं भोगलेलं आहे, आणि तिचे पैसे कोण मोजतं हेही त्यानं फोनवर पाहिलेलं आहे.