नंबर नाकारणाऱ्यांचं संमेलन

हिरवळीवर बुद्धिबळाचा मोठा पट मांडलेला आहे. सोंगट्यांच्या जागी माणसं उभी आहेत. कुणाच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा झगा, कुणाच्या डोक्यावर गवती टोपी, कुणाच्या हातात रंगीबेरंगी छत्री. कोटावर पुढचं चाक अवाढव्य असलेल्या जुन्या सायकलचा बिल्ला आणि त्या बिल्ल्यावर एक नंबर. ओळखीचं कुणी दिसलं की ही मंडळी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करतात, तो डोळ्याशी नेतात आणि 'बी सीइंग यू' म्हणतात. म्हणजे 'पुन्हा भेटूच'. किंवा, थोडं वाकडं ऐकलं तर, 'लक्ष आहे हं तुझ्यावर'.

हे वेल्सच्या किनाऱ्यावरचं पोर्टमेरियन. ही माणसं 'द प्रिझनर' या ब्रिटिश मालिकेची चाहती आहेत. 1977 साली त्यांनी 'सिक्स ऑफ वन' नावाची संस्था काढली आणि तेव्हापासून त्यांची संमेलनं होत आली. मालिकेतले प्रसंग ते तिथेच, मूळ जागी, पुन्हा करतात.

गंमत अशी की या मालिकेचा नायक सतरा भाग एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगत राहतो. मी नंबर नाही, माणूस आहे. पहिल्याच भागात त्याला बिल्ला मिळतो आणि तो काढून टाकतो. चाहत्यांनी मात्र तोच बिल्ला दशकानुदशकं हौसेनं छातीवर लावला.

पहिल्यांदा या संमेलनाचे व्हिडिओ बघितले तेव्हा मी हसलो होतो. आता तितकं हसू येत नाही. का, ते सांगतो.

चहा विचारणारा तुरुंग

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 29 सप्टेंबर 1967 ला ती ब्रिटनमध्ये सुरू झाली आणि 1968 च्या फेब्रुवारीत संपली. पॅट्रिक मॅकगूहन तिचा नायक, कार्यकारी निर्माता, काही भागांचा लेखक आणि दिग्दर्शकही. त्याआधी 'डेंजर मॅन' या हेरमालिकेमुळे तो घराघरांत पोचला होता.

एक गुप्तहेर लंडनमध्ये साहेबाच्या टेबलावर राजीनामा आपटतो. घरी येऊन बॅग भरायला लागतो. दाराच्या कुलपातून खोलीत गॅस सोडला जातो. जाग येते तेव्हा खोली तीच असते, पण खिडकीबाहेर लंडन नसतं. बाहेर एक सुंदर, रंगीत, चित्रासारखं गाव असतं. त्याचं नावही नुसतं 'गाव'. तिथे कुणालाच नाव नाही. हा नंबर सिक्स. कारभार बघणारा तो नंबर टू, आणि तो सतत बदलत असतो. नंबर वन कोण, कुणालाच माहीत नाही. पळायला गेलात तर समुद्रातून एक पांढरा प्रचंड फुगा येतो आणि तुम्हाला गुदमरवून परत आणतो.

बाकी त्रास काहीच नाही. बँड वाजतो, निवडणुका होतात, जेवण चांगलं मिळतं. नंबर टू बहुतेक वेळा हसतमुख असतो, चहा-नाश्ता विचारतो. त्याला एकच माहिती हवी असते: तू राजीनामा का दिलास?

शूटिंगची ही जागा मुद्दाम गुप्त ठेवली होती. शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीत ती उघड झाली. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदानं 1925 ते 1975 अशी पन्नास वर्षं खपून पोर्टमेरियन उभारलं होतं. इटलीची आठवण करून देणारं, केवळ डोळ्यांना सुख देणारं. एका माणसाच्या हट्टातून तयार झालेली ही जागा पडद्यावर माणसांचे हट्ट मोडणारी झाली. त्या विरोधाभासाचं चाहत्यांना वेड लागलं असेल तर नवल नाही.

आमचा ग्रुप

कॉलेजात आमचा ट्रेकचा ग्रुप होता. अकरा जण. दर दुसऱ्या रविवारी राजगड, तोरणा, नाहीतर कुठलीतरी घाटवाट. आम्ही स्वतःला फार मोकळे समजायचो. नोकरी, लग्न, ईएमआय या चाकोरीत अडकलेल्या लोकांची टिंगल करायचो. आणि हे सगळं एकसारखे टी-शर्ट घालून करायचो. पाठीवर टोपणनाव आणि खाली नंबर. माझा चार.

एका रात्री आमच्यातला एक जण व्हॉट्सॲप ग्रुप सोडून गेला. न बोलता. मी ॲडमिन होतो, मी फोन केला. 'काय रे, का सोडलास?' तो म्हणाला, 'असंच.'

'असंच' आम्हाला पुरेना. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या रूमवर गेलो. जाताना वडापाव नेले. काही झालंय का, कुणी काही बोललं का, पैशांची अडचण आहे का, सगळं प्रेमानं विचारलं. तो हसून विषय बदलत राहिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मग कुणीतरी म्हणालं, माज आलाय त्याला. मग कँटीनमध्ये तो आला की आमचं टेबल गप्प व्हायचं. ठरवून काहीच केलं नव्हतं. तरी सेमिस्टर संपेपर्यंत त्याच्याशी बोलणारं आमच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

काही वर्षांनी मोबाइलवर 'द प्रिझनर' बघायला बसलो, ते स्वतःला नंबर सिक्स समजून. सगळेच तसं समजून बघतात. तिसऱ्या-चौथ्या भागाला लक्षात आलं की मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला आहे. हसत, आपुलकीनं, खायला विचारत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा. वडापाव नेणारा नंबर टू.

एकट्याचं स्वातंत्र्यही हरतं

मग उपाय काय? कळपच नको? टी-शर्ट फेकावेत, ग्रुप सोडावेत, एकटं राहावं?

बऱ्याच चाहत्यांना मालिकेचा अर्थ असाच वाटतो. एक माणूस सगळ्यांविरुद्ध. पण ज्या बुद्धिबळाचा प्रयोग ते हिरवळीवर करतात, तो भाग नीट बघा. त्याचं नाव 'चेकमेट'. डाव चालू असताना हत्ती झालेला माणूस हुकमाची वाट न बघता स्वतःच्या मनानं चाल खेळतो आणि त्याला लगेच इस्पितळात 'उपचारासाठी' नेतात. नंबर सिक्स त्याला हाताशी धरतो आणि पळायचा बेत आखतो. गावात कैदी कोण आणि पहारेकरी कोण, हे वरून कळत नाही. म्हणून तो एक कसोटी लावतो: अधिकारानं बोललं की जो दबतो तो कैदी, जो दबत नाही तो पहारेकरी. अशी निवडून माणसं जमवतो.

बेत फसतो. हत्तीनं तीच कसोटी नंबर सिक्सला लावलेली असते. हा माणूस कुणाला दबत नाही, हुकूम सोडतो, कुणावर विसंबत नाही. म्हणजे हा पहारेकरीच!

त्याचा ताठ कणाच त्याला बुडवतो. ज्याला फक्त 'नाही' म्हणता येतं, त्याच्यावर विश्वास ठेवायला दुसऱ्याला जागाच उरत नाही. कुठल्याही तुरुंगातून सुटायचं तर दुसऱ्या कैद्याची गरज लागते. म्हणून स्वातंत्र्यावर प्रेम असलेल्या माणसांनी एकत्र जमणं हा मला आता विनोद वाटत नाही. नंबर सिक्सला जे जमलं नाही, ते करून बघण्याचा तो प्रयत्न आहे.

फक्त त्यात एक धोका आहे. हिरवळीवर तो डाव हुबेहूब करायचा असेल, तर हत्तीलाही ठरलेल्या वेळीच बंड करावं लागतं. बंडाची तालीम होऊ शकते. बंडाचा गणवेश होऊ शकतो. आमचा झालाच होता.

सगळे मिळून 'मी'

शेवटच्या भागात एक सभा भरते. पांढरे झगे आणि मुखवटे घातलेले सभासद ओळीनं बसलेले असतात. नंबर सिक्सचा सत्कार होतो. तू व्यक्ती म्हणून जगण्याचा हक्क मिळवलास, आता आमचं नेतृत्व कर, असं त्याला सांगतात. तो भाषणाला उभा राहतो. पहिलाच शब्द उच्चारतो, 'आय', म्हणजे 'मी'. त्यासरशी सगळी सभा ओरडायला लागते, 'आय! आय! आय!' इंग्रजीत 'मी' आणि सभेतला होकार यांचा उच्चार एकच. तो पुन्हा सुरुवात करतो, सभा पुन्हा ओरडते. त्याचं भाषण कुणालाच ऐकू जात नाही.

गर्दी त्याचा आवाज कसा बुडवते, बघा. कुणी त्याला गप्प बस म्हणत नाही. सगळे त्याच्याशी सहमत आहेत, व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूनं आहेत आणि त्याचाच शब्द म्हणताहेत.

मग आपण ज्या घोळक्यात आहोत तो कोणता, हे कसं ओळखायचं? सगळे सारखे कपडे घालतात का, सारखी घोषणा देतात का, यावरून नाही. मला दोन साधे प्रश्न सुचतात. इथून कारण न सांगता जाता येतं का? आणि न पटल्याचं सांगून इथेच राहता येतं का?

संमेलनाला आलेला माणूस दोन दिवसांनी झगा घडी करून बॅगेत ठेवतो आणि घरी जातो. पुढच्या वर्षी आला नाही तर समुद्रातून फुगा येत नाही. जोवर हे खरं आहे तोवर तो बिल्ला ही हौस आहे. ते खरं राहिलं नाही की तोच बिल्ला नंबर होतो. बिल्ल्याकडे बघून हा फरक दिसत नाही, तो जाणाऱ्या माणसाशी आपण कसं वागतो त्यात दिसतो.

यावर रास्त आक्षेप आहे. न सांगता निघून जाणाऱ्याचंही काही देणं लागतं की नाही? अकरा जणांनी जीव लावलेला असतो, त्यांना दुखतं. मान्य. विचारणं चूक नव्हतं. पहिल्यांदा विचारलं ती काळजी होती. दुसऱ्यांदाही असेल. पण उत्तर न मिळाल्यावर आम्ही त्याला जी शिक्षा दिली, तिथे काळजी संपली होती. त्याचं कारण आम्हाला त्याच्यासाठी नको होतं. आमच्या मोकळेपणातून कुणी बाहेर पडू शकतं, हेच आम्हाला सहन होत नव्हतं.

मालिकेच्या शेवटी नंबर सिक्स नंबर वनपर्यंत पोचतो आणि त्याचा मुखवटा ओढतो. आत माकडाचा मुखवटा. तोही ओढतो. आत त्याचाच चेहरा, खदाखदा हसणारा. तेव्हाचे प्रेक्षक या शेवटावर चिडले होते. त्यांना खलनायक हवा होता. मलाही हवा होता.

गेल्या दिवाळीत त्या मित्राला मेसेज केला. बऱ्याच वर्षांनी. का सोडलास ते विचारलं नाही. 'तेव्हा आम्ही चुकीचं वागलो, मी जास्त,' एवढं लिहिलं. दोन निळ्या रेघा आल्या. चार दिवसांनी त्याच्याकडून राजगडच्या बालेकिल्ल्याचा एक फोटो आला. त्यावर एक अक्षरही नव्हतं.

तो कुणाबरोबर गेला होता, हे मी विचारलेलं नाही.