आवाज न चढवता

शांतपणे बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन कशाने येते, हे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांत स्पष्ट दिसते. पहिले भाषण २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात झाले. व्हाइसरॉय होते लॉर्ड कर्झन. अर्थसंकल्पावर त्या काळी फक्त चर्चा होई, मतदान नसे. सरकार तिजोरीतल्या शिलकेकडे भरभराटीची खूण म्हणून बोट दाखवत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे उचलले आणि दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल केल्यामुळे ही शिल्लक पडते, असे मांडले. विशेषणे मोजकी, हिशेब भरपूर. मिठावरचा कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. याचे सगळे श्रेय भाषणांना देणे भाबडेपणाचे ठरेल, पण त्यांतला हिशेब खोडणे सरकारला सोपे गेले नाही.

हा शांतपणा निव्वळ स्वभावाचा नव्हता. गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत, त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून चाले. सरकारी अहवाल ओळीओळीने तपासण्याची शिस्त न्यायमूर्ती रानड्यांनी लावली. रानडे मुद्दा कच्चा राहिला की मजकूर परत पाठवत. आकडेवारीत गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत असे. एवढी तयारी पाठीशी असली की आवाज चढवायची गरजच पडत नाही. ज्याचा कागद कच्चा, तोच बहुधा टेबलावर हात आपटतो.

तयारी नसताना काय होते, याचाही अनुभव गोखल्यांना होता. १८९७ मध्ये ते भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्षीसाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरील सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांविषयी पत्रांतून कळलेली माहिती त्यांनी तिथे जाहीर केली. परतल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि पुण्यात टीका सोसली. माहिती देणाऱ्यांची नावे मात्र सांगितली नाहीत. माफी गरजेपेक्षा जास्त सपशेल होती, असे म्हणायला जागा आहे. तरीही सिद्ध न होणारा शब्द मागे घेणाऱ्याचा पुढचा शब्द विरोधकालाही गांभीर्याने घ्यावा लागतो.

या रीतीला मर्यादाही होत्या. टिळकांच्या अनुयायांना ती मवाळ वाटे, आणि सत्ता ऐकून घेऊनही हलत नसे, तेव्हा त्यांचा मुद्दा बिनतोड असे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोखल्यांनी १९११ मध्ये मांडले. ते मंजूर होणार नाही, याची त्यांना पुरती कल्पना होती. तरी प्रत्येक आक्षेपाला खर्चाच्या आणि विद्यार्थिसंख्येच्या आकड्यांनिशी त्यांनी उत्तर दिले. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.