फांशीची मोजदाद

गेल्या पावसाळ्यांत नीतिशास्त्राच्या वर्गांत दंडाचा विषय चालला होता. शासनाचे हेतु कोणते, सूड, दहशत कीं सुधारणा, या ठरीव वाटेनें मी चाललों होतों. आणि इतकीं वर्षें त्याच वाटेनें गेल्यामुळें डोळे मिटूनहि चालतां येतें अशी माझी समजूत झाली होती. देहांतशिक्षेपाशीं आलों तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, स्वतंत्र झाल्यापासून आपल्या देशांत एकंदर किती माणसांना फांशीं दिलें?" मीं क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें, "पन्नास-पंचावन्न." तिनें तो आकडा वहींत उतरून घेतला. माझें उत्तर इतकें तत्पर होतें कीं, त्याविषयीं शंका घेण्याचें धैर्य वर्गांत कोणास झालें नाहीं, आणि मला तर नाहींच नाहीं.

तो आकडा मीं कोठून घेतला होता? वर्तमानपत्रांतून. एखादी गाजलेली फांशी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशीं तिच्या बातमीशेजारीं एक लहानशी चौकट येते आणि तींत हा आकडा असतो. सरकारचा म्हणून तो सांगितला जातो व एका वर्तमानपत्रांतून दुसऱ्यांत जातो. त्या दिवशीं घरीं आल्यावर, केवळ आपली खात्री करून घ्यावी म्हणून, मीं शोध घेतला, आणि जें हातीं आलें त्यानें माझी झोंप उडाली असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

१९६७ सालीं विधि आयोगानें देहांतशिक्षेवर आपला पस्तिसावा अहवाल सादर केला. ही शिक्षा ठेवावी असा त्या आयोगाचा अभिप्राय पडला, आणि अहवालाचा तेवढाच भाग पुढें लोकांच्या लक्षांत राहिला. परंतु त्याच अहवालाच्या परिशिष्टांत निरनिराळ्या राज्यांनीं पुरविलेले आकडे आहेत. १९५३ ते १९६३ या सुमारें दहा वर्षांत फांशीं गेलेल्यांची बेरीज चौदाशेंच्या वर जाते! दहा वर्षांत चौदाशें. आणि मी सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा हिशेब पन्नास-पंचावन्नांत उरकून मोकळा झालों होतों. लोकशाही हक्कांसाठीं काम करणाऱ्या एका संस्थेनें तें परिशिष्ट पुन्हां उघडून दाखविलें तेव्हां कोठें ही गोष्ट चर्चेंत आली. लक्षांत घ्या, तें परिशिष्ट गुप्त नव्हतें. सरकारी छापखान्यांत छापलेलें, ग्रंथालयांच्या कपाटांत ठेवलेलें असें तें पुस्तक होतें. कोणी लपविलें म्हणून आपणांस कळलें नाहीं, असें म्हणावयाचीहि सोय नाहीं.

पुढें दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांतील संशोधकांनीं एकेका मध्यवर्ती तुरुंगाकडे पत्रें लिहून फांशीं गेलेल्यांच्या नांवनिशीची मागणी केली. कांहीं तुरुंगांनीं याद्या पाठविल्या. कांहींनीं कळविलें कीं, जुनीं दप्तरें गहाळ झालीं आहेत. आणि कांहींनीं कळविलें कीं, तीं वाळवीनें खाल्लीं! या खटाटोपांतून सातशेंहून अधिक माणसांची यादी जमली. म्हणजे एकट्या त्या दहा वर्षांच्या बेरजेच्या निम्मीच्या आसपास. स्वतंत्र भारतांतील पहिली फांशी गांधीजींच्या मारेकऱ्यांची, १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाल्यास झालेली, असें आपण सर्व समजून चाललों होतों. या यादींत ९ सप्टेंबर १९४७ ही तारीख आहे. स्थळ जबलपूरचा मध्यवर्ती तुरुंग. स्वातंत्र्य येऊन चार आठवडेहि पुरते झाले नव्हते. झेंडावंदनाचीं तोरणें त्या गांवांत अजून सुकलीं असतील नसतील, तोंच एक माणूस नव्या राज्याच्या नांवानें फांसावर चढला, आणि त्याची आठवण कोणास राहिली नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, नीतीचा प्रश्न आंकड्यांनीं सुटत नसतो. फांशी अन्याय्य असेल तर ती एकाला दिली तरी अन्याय्य, आणि न्याय्य असेल तर चौदाशेंना दिली तरी न्याय्यच. हा आक्षेप तर्काच्या दृष्टीनें निर्दोष आहे, आणि मी स्वतः वर्गांत तो अनेकदां मांडलेला आहे. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते; ती ही कीं, प्रश्न केवळ मरणाराचा आहे. तो मारणाराचाहि आहे. खून हें एका माणसाचें कृत्य असतें. फांशी हें आपणां सर्वांचें कृत्य असतें. न्यायाधीश शिक्षा फर्मावतो, तुरुंगाधिकारी ती बजावतो, दोघेहि आपल्या वतीनें. ज्यास आपल्या हातून काय घडलें हें ठाऊक नाहीं, त्यास तें योग्य घडलें असें म्हणण्याचा अधिकार कोठून येणार? सावकार आपल्या कुळाला किती कर्ज दिलें हें विसरला तर त्याचा दावा न्यायालयांत टिकत नाहीं. मग माणसांचे प्राण घेणारी संस्था हिशेब हरवून बसली तर तिचा दावा नीतीच्या न्यायालयांत कसा टिकावा?

आपल्या पूर्वजांची कल्पना या बाबतींत विचार करण्याजोगी आहे. यमधर्माला त्यांनीं एकटा ठेवला नाहीं. त्याच्याजवळ चित्रगुप्त नांवाचा कारकून नेमून दिला. मृत्यूच्या देवतेलाहि वहीवांचून काम करूं देऊं नये, असें ज्यांना वाटलें त्यांची न्यायबुद्धि आमच्यापेक्षां सूक्ष्म होती खास. आणि कारकुनी म्हणाल तर ती आमच्या रक्तांतच आहे. पेशवे दप्तराचे रुमाल सोडून बसलेल्या माणसास ठाऊक आहे कीं, कोणत्या दिवशीं कोणत्या कामीं किती खर्च पडला, हें दोनशें वर्षांनंतरहि तेथें सांपडतें. कागद जपण्याची विद्या आपण विसरलों आहों असें नाहीं. जें जपण्याजोगें वाटतें तें आपण जपतों, एवढाच याचा अर्थ.

आणि तें तारखांच्या बाबतींतहि खरें आहे. दामोदर चाफेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें, हें पुण्यांतील पुष्कळांना तोंडपाठ आहे. त्यांच्या दोघां भावांच्या १८९९ च्या मे महिन्यांतील तारखाहि सांगणारे भेटतील. तें योग्यच आहे. परंतु परक्या सरकारनें फांशीं दिलेला माणूस आपण विसरत नाहीं, आणि आपण दिलेला मात्र विसरतों, हें कशाचें लक्षण समजावें?

बरें, कागदांचा तुटवडा होता म्हणावें तर तसेंहि नाहीं. फांशीइतकी कागदांनीं वेढलेली दुसरी शिक्षा नाहीं. सत्र न्यायालयानें फर्मावलेली देहांतशिक्षा उच्च न्यायालयानें कायम केल्यावांचून बजावतां येत नाहीं. मग सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपालांकडे व राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, मग अधिपत्र, शेवटीं वैद्याचा दाखला आणि बजावणीची नोंद होऊन अधिपत्राची न्यायालयाकडे रवानगी. इतका कागद कशासाठीं? सर्वांचे हात स्वच्छ राहावे म्हणून. दोर ओढण्यापूर्वींच्या प्रत्येक कागदाला कोणीतरी धनी असतो. त्यानंतर मात्र त्या सर्व कागदांचा वारस एकच उरतो, आणि त्याचें नांव तुरुंगांनींच कळविलें आहे, वाळवी.

कायद्याचा इतिहासहि येथें थोडा पाहिला पाहिजे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणें, ज्या अपराधास फांशी देतां येत होती त्यास न्यायाधीशानें फांशी न दिल्यास कां दिली नाहीं याचें कारण लिहावें लागे. फांशी हा नियम होता, जन्मठेप हा अपवाद. १९५५ च्या दुरुस्तीनें ती अट गेली. १९७३ च्या संहितेनें नियम उलटा केला. आतां फांशी द्यावयाची तर विशेष कारणें लिहावीं लागतात. १९८० सालीं बचन सिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ही शिक्षा केवळ विरळांतील विरळ प्रसंगींच द्यावी. आतां 'विरळ' हा शब्द पाहा. तो मोजणीचा शब्द आहे. शंभरांत एक कीं हजारांत एक, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास विरळ काय आणि सरसकट काय? मागील सर्व प्रकरणें समोर मांडून त्यांशीं ताडून पाहिल्यावांचून हा शब्द उच्चारतांच येत नाहीं. तरीहि गेलीं चाळिसांहून अधिक वर्षें आपलीं न्यायालयें तो उच्चारीत आहेत.

ताडून न पाहिल्यास काय होतें याचें उदाहरण दूर नाहीं. हरबन्स सिंग व इतर दोघे अशा तिघांना उत्तर प्रदेशांतील एकाच हत्याकांडांत, एकसारख्या वांट्याबद्दल, देहांतशिक्षा झाली होती. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या न्यायाधीशांकडे गेले. एकाचा १९७६ सालीं फेटाळला गेला. दुसऱ्याचा १९७७ सालीं मान्य होऊन त्याची फांशी रद्द झाली. हरबन्स सिंगाचाहि फेटाळला गेला होता. पहिल्याबरोबर त्यासहि ६ ऑक्टोबर १९८१ रोजींच फांशीं जावयाचें होतें. त्यानें ऐन वेळीं पुन्हां अर्ज केला म्हणून तो राहिला, आणि १९८२ सालीं न्यायालयानें त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. पहिला मात्र ठरल्या दिवशीं फांशीं गेला होता. गुन्हा एक, वांटा एक, पुरावा एक. फरक केवळ अर्ज कोणत्या दिवशीं कोणापुढें गेला एवढाच. आपल्याकडे दैव म्हणतात तें हेंच काय? आणि दैवावरच सोंपवावयाचें तर न्यायाधीशाची गरज काय?

दुसरें उदाहरण याहून जवळचें. २००३ सालीं महाराष्ट्रांत घडलेल्या एका भयंकर गुन्ह्याबद्दल भटक्या जमातींतील सहा माणसें पकडलीं गेलीं. उच्च न्यायालयानें तिघांचीच फांशी कायम केली होती. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहाहि जणांना फांशी योग्य ठरविली. पुढें त्यांतील एक अपराधाच्या वेळीं अल्पवयीन होता असें निघालें. आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच न्यायालयानें, त्या सहांना या गुन्ह्यांत गोंवलें गेलें होतें असें म्हणून, सर्वांना निर्दोष सोडलें व प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देवविली. तीं माणसें जिवंत होतीं म्हणून त्यांना सोडतां आलें. १९५३ ते १९६३ मधील चौदाशेंपैकीं असा कोणी असेल तर त्याला आतां कोण सोडणार? सोडणें राहो, ज्याचें नांवच उरलें नाहीं त्याचा खटला पुन्हां तपासावयाचा तरी कसा? उपरोक्त विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालांत देहांतशिक्षा झालेल्यांची चौकशी आहे. त्यांतील सुमारें चारांत तिघे दरिद्री स्थितींतले होते. तेव्हां हीं नांवें कोणत्या घरांतून पुसलीं गेलीं असतील, हें तर्कानें जाणतां येतें. त्यांच्या वतीनें दप्तर मागावयास कोण येणार होतें?

दहशतीच्या मुद्द्यावर मी फारसा थांबत नाहीं. फांशीनें खून कमी होतात असें एक पक्ष म्हणतो, होत नाहींत असें दुसरा म्हणतो; फांशा किती झाल्या हेंच ज्या देशांत ठाऊक नाहीं तेथें दोघांनींहि आवाज खालीं आणणें बरें.

एक आक्षेप मात्र मला खरोखरीच जड वाटतो. नोंदी प्रसिद्ध करा म्हणजे तमाशा होईल; मेलेल्याच्या मुलाबाळांना पुन्हां लाज सोसावी लागेल; राज्यानें हें अप्रिय कर्म गाजावाजा न करतां उरकावें, त्यांतच सभ्यता आहे. मुलाबाळांविषयींची ही काळजी मला मान्य आहे, आणि नांवें चव्हाट्यावर टांगावीं असें मी म्हणत नाहीं. परंतु गुपचुपपणाला सभ्यता म्हणतां येईल काय? २०१३ सालीं तिहार तुरुंगांत एकास फांशीं दिलें. तशी सूचना देणारें टपाल त्याच्या घरीं पोंचलें तें फांशी होऊन गेल्यावर. दयेचा अर्ज फेटाळल्याचें कळविल्यापासून निदान चौदा दिवस जाऊं द्यावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयास २०१४ सालीं घालून द्यावा लागला, तो उगीच नव्हे.

वाचकांस वाटेल कीं हा लेखक देहांतशिक्षेचा विरोधक आहे. तसें निश्चयानें सांगण्याइतका मी अजून प्रामाणिक झालेलों नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९४९ च्या जूनमध्यें घटना समितींत बोलतांना ही शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल असल्याचें सांगितलें होतें. तें मी आदरानें वाचतों. विधि आयोगानेंहि २०१५ सालीं, दहशतवादाचे गुन्हे व राज्याविरुद्ध युद्ध एवढे वगळून, ती रद्द करावी असें सुचविलें. परंतु २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळीं, मुंबईवरील हल्ल्यांतील पकडलेल्या आरोपीस येरवड्यास फांशीं दिल्याचें ऐकलें तेव्हां मला समाधान वाटलें होतें, हें मी येथें लपवीत नाहीं. चहाचा पेला हातांत होता. घरांतील सर्वांना मीं हांक मारून बातमी सांगितली. त्या माणसाचें नांव, कृत्य, तारीख सर्व मला ठाऊक होतें, आणि त्या ज्ञानावरच माझें समाधान उभें होतें. तेंच समाधान त्या चौदाशेंना मी न पाहतां, न मोजतां वांटून मोकळा झालों होतों. २००४ ते २०२० या काळांत फांशीं गेलेले आठ जण मला एकेक करून सांगतां येतील. त्या आठांच्या आड किती उभे आहेत, याचा विचारच माझ्या मनांत कधीं आला नव्हता.

पुढच्या तासाला मीं वर्गांत चूक कबूल केली. त्या विद्यार्थिनीनें जुना आकडा खोडला आणि नवा लिहिण्यासाठीं लेखणी उचलली. मीं सांगितलें कीं, नवा आकडा मजजवळ नाहीं. चौदाशेंच्या वर दहा वर्षांचे, बाकीच्या काळाची पुरती बेरीज कोणाजवळच नाहीं. ती थोडा वेळ थांबली, आणि मग विद्यार्थ्यास साजेशी व्यवहारी शंका तिनें काढली: "परीक्षेंत विचारलें तर काय लिहावयाचें?" मीं म्हणालों, "विचारणार नाहींत. प्रश्न काढणाऱ्याला उत्तरहि लिहून द्यावें लागतें."