जुळलेला बैल

नातवाचा दुधाचा दात पडला. शेणाच्या गोळीत घालून माळवदावर फेकला, तेव्हा पोरगं म्हणालं, "आबा, माझा नवा येणार. तुमचे कामून येईनात?" म्हणलं, "माझी पाळी होऊन गेली, बाबा."

तरणा होतो तेव्हा सोनपेठहून ऊसतोडीला सांगलीकडं जायचो. भिलवडीच्या अंगाला कृष्णेच्या काठावर मगर पाहिली होती, जबडा उघडा टाकून ऊन खात पडलेली. आम्हाला वाटलं, टपून बसलीय. पण ती तसं अंग थंड करत असते. तिला साठ-सत्तर दात. जुन्या दाताच्या पोटातच खालून नवा वाढत येतो, म्हणून पडलेला दात टोपीसारखा पोकळ. एकेका जागी आयुष्यात पन्नासेक वेळा दात येऊ शकतो. अमेरिकेतल्या ॲलिगेटर मगरीवर २०१३ साली अभ्यास छापून आला. तिच्या हिरडीत नव्या दाताचं बेणं राखणारा पेशींचा पट्टा असतो. माणसाचा तो पट्टा पुढं विरून जातो.

पण मगर फाडते आणि गिळते, चावत बसत नाही. आपल्याला भाकर चावायची, बैलाला रवंथ करायचा. वरची दाढ खालच्या दाढीवर नीट बसावी लागते. सारखी बदलत राहिली तर बसणार कशी? बैलाला पुढं खालीच आठ दात, वर नुसती हिरडी. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की बैल जुळला. पुढं नुसती झीज. त्याचं वय त्याच्या तोंडात लिहिलेलं असतं, वाचता आलं पाहिजे.

२०१२ च्या दुष्काळात मी घरचा लालकंधारी बैल बाजारात नेला. दातांच्या नुसत्या खुंट्या राहिलेल्या. गिऱ्हाईक शहरातून शेतीला परत आलेलं पोरगं. त्यानं ओठ उचलला, बघितलं, उमगलं काहीच नाही.

"किती दाताचा हाय, काका?"

"जुळलेला हाय."

खोटं नव्हतं. जुळून दहा वर्षं झाली होती, ते त्यानं विचारलं नव्हतं.

घरी वडील दुधात भाकर कुस्करत बसले होते. तोंडात एक दात नव्हता. सगळं ऐकून म्हणाले, "माझं तोंड उघडून दाखवशील तर काय सांगशील?"

बाजारचा नेम आहे, घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. मीही तोच धरून बसलो. पण त्याला वाचता येत नाही हे कळल्यावरच मी मोजून बोललो ना? आणि बैलाचं काय? झिजल्या दातांना वाळला कडबा तुटत नाही, कुट्टी करून भिजवून घालावी लागते. तेवढंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वय उघडं पडलं असतं.

आठ दिवसांनी पेंडीचं पोतं घेऊन त्याच्या गावी गेलो. दावणीला कडबा तसाच पडलेला, बैलाच्या बरगड्या वर आलेल्या. पोराला सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, पोतं तेवढं उतरवून घेतलं. पैसे वाण्याच्या उधारीत गेले होते. ते अजून द्यायचे राहिलेत.