बालमन आणि दूरचित्रवाणी

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा तीन दिवस घरोघरी दूरचित्रवाणी चालूच होती. आमचा नातू तेव्हा चार वर्षांचा. ताजचा धुराने वेढलेला घुमट पडद्यावर पुनःपुन्हा दाखवीत. पोर विचारी, 'आजोबा, अजून एक जळलं?' एकच चित्र परत दाखवितात, हे त्याच्या गावीही नव्हते. त्याच्या लेखी दर वेळी नवे घर जळत होते. आणि आम्ही शेजारी बसून चहा घेत होतो!

कोणी म्हणेल, 'बुवा, कीर्तनात तुम्ही हिरण्यकशिपूचे पोट फाडता, ते चालते होय?' शंका रास्त आहे. आम्हांसही ती बोचली. पण श्रुत आणि दृष्ट यांत भेद आहे. ऐकलेले लेकरू आपल्या कुवतीइतकेच मनात रंगविते; पाहिलेले जसेच्या तसे आत शिरते. शिवाय पुढ्यातले लेकरू आईला बिलगले, की आमचा आवाज आपसूक उतरतो, आम्ही प्रल्हादाकडे वळतो. पडद्याला समोरचे पोर दिसत नाही.

दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण रोखणारा नियम सरकारने २०१५ साली केला खरा. पण तो कारवाईचा बेत फुटू नये म्हणून, लेकरांसाठी नव्हे. घरातले बटण तर आमच्याच हाताशी होते. ते आम्ही तिसऱ्या दिवशी दाबले, पोर रात्री किंचाळून उठल्यावर.