शाळेच्या दारात ठेवलेलं घर

स्पॅनिश भाषेत ‘एदुकासिओन’ असा एक शब्द आहे. इंग्रजी ‘एज्युकेशन’चा तो सख्खा भाऊ, पण स्वभाव वेगळा. मेक्सिकोतली एखादी आई ‘माझा मुलगा बिएन एदुकादो आहे’ असं म्हणते, तेव्हा तो किती इयत्ता शिकला हे ती सांगत नसते. तो मोठ्यांसमोर कसा बोलतो, घरात आलेल्याला उठून सलाम करतो की नाही, धाकट्या भावंडांना सांभाळतो की नाही, हे ती सांगत असते. शाळेचं तोंड न पाहिलेला शेतमजूर ‘बिएन एदुकादो’ असू शकतो आणि दोन पदव्या मिळवलेला माणूस ‘मालएदुकादो’. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. आपल्या घरांत तालीम आणि तरबियत हे शब्द जोडीनं येतात. नुसती तालीम झाली असं कुणी कौतुकानं म्हणत नाही. स्पॅनिशनं ही दोन्ही ओझी एकाच शब्दावर दिली आहेत. (याच भाषेत ‘तसं होवो’ म्हणताना ‘ओहाला’ म्हणतात. अंदलुसच्या शतकांमध्ये अरबीतून तिथं गेलेला हा शब्द, आणि त्याच्या शेवटी जो ‘ला’ ऐकू येतो तो अल्लाहच. मेक्सिकोतली कॅथलिक आजी तो दिवसातून दहा वेळा सहज उच्चारते.)

ग्वादालुपे वाल्देस या अभ्यासक बाईंनी मेक्सिकोतून अमेरिकेत नव्यानं आलेल्या दहा कुटुंबांमध्ये वावरून एक पुस्तक लिहिलं, ‘कोन रेस्पेतो’, म्हणजे ‘आदरपूर्वक’. ते 1996 साली प्रसिद्ध झालं. त्यातलं निरीक्षण साधं आहे आणि म्हणूनच टोचतं. या घरांतल्या आयांना वाटायचं की वाचायला-लिहायला शिकवणं हे शिक्षकाचं काम, आपलं काम मुलाला माणूस करण्याचं. शिक्षकाच्या कामात नाक खुपसणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून त्या शाळेत जात नसत. शिक्षक मात्र त्यांच्या न येण्याचा अर्थ असा लावत की या बायकांना मुलांच्या शिक्षणाची पर्वा नाही. आईकडून जो आदर निघायचा, तो शाळेच्या दारात पोहोचेपर्यंत बेपर्वाई होऊन जायचा. मध्ये कुणीही खोटं बोललेलं नसायचं.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. का, ते शेवटी सांगतो.

प्रश्न असा आहे: शाळा चालवणाऱ्या माणसानं आपलं घर, म्हणजे आपली भाषा, आपले आईवडील, आपल्या जमातीची आठवण, शाळेच्या दारात चपलांसारखी काढून ठेवावी का? मुख्याध्यापक सर्वांचा असतो. त्यानं ‘आपल्या’ मुलांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं तर तो पक्षपात होतो. माझी नोकरीची सगळी वर्षं मी हेच मानत आलो, आणि त्यात काही चूक आहे असं कधी वाटलं नाही.

दोन माणसं समोर ठेवतो. पहिला जेरोम ग्रीन. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ लेमन ग्रोव्ह नावाचं गाव आहे. 5 जानेवारी 1931 रोजी, सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी, मुख्याध्यापक ग्रीन शाळेच्या दारात उभे राहिले. गोऱ्या मुलांना त्यांनी आत सोडलं आणि मेक्सिकन आईबापांच्या पंचाहत्तर मुलांना सांगितलं, तुमची शाळा इथं नाही, तिकडच्या नव्या इमारतीत आहे. ती दोन खोल्यांची इमारत पाहून आईबापांनी तिचं नाव ठेवलं ‘ला काबायेरिसा’, म्हणजे तबेला. मुलं तिकडं गेलीच नाहीत, घरी परतली. मेक्सिकन मुलांना इंग्रजी येत नाही, त्यांची वेगळी सोय केली तर त्यांचंच भलं होईल, असं शाळा मंडळाचं म्हणणं. ज्याच्या नावानं खटला उभा राहिला तो रॉबेर्तो आल्वारेझ बारा वर्षांचा होता, अमेरिकेत जन्मलेला, आणि इंग्रजी उत्तम बोलत होता. न्यायाधीश क्लॉड चेंबर्स यांनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला आणि मुलं जुन्या शाळेत परत गेली.

ग्रीन दुष्ट होते असं मानण्याचं काही कारण नाही. मंडळानं ठरवलं, त्यांनी पार पाडलं. त्यांनी आपलं घर शाळेत आणलं, असं त्यांना कुणी म्हणालं असतं तर ते चकित झाले असते. खरं तर ती शाळाच त्यांचं घर होती. भाषा त्यांची, सणांच्या सुट्ट्या त्यांच्या, इतिहासातले वीर त्यांचे. आपलं घर जेव्हा इमारतभर पसरलेलं असतं तेव्हा ते दारात काढून ठेवण्याचा प्रश्न येत नाही, त्याला ‘नियम’ म्हणतात. दारात घर ठेवायला नेहमी दुसऱ्यालाच सांगितलं जातं.

दुसरा माणूस साल कास्त्रो. ते मुख्याध्यापक नव्हते, लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या लिंकन हायस्कुलात समाजशास्त्रं शिकवणारे शिक्षक होते. पण त्या शाळांचं नेतृत्व 1968 साली मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्हतं, त्यांच्या वर्गात होतं. जन्म 1933 चा, लॉस एंजेलिसचाच. त्या मंदीच्या काळात अमेरिकेनं लाखो मेक्सिकनांना सरहद्दीपार धाडलं, त्यात अमेरिकेत जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक असलेलेही होते. (कॅलिफोर्निया राज्यानं याबद्दल माफीचा कायदा केला तो 2005 साली. ज्यांची माफी मागायची त्यांतले बहुतेक तोवर कबरीत गेले होते.) कास्त्रोंचे वडीलही परत पाठवले गेले. मुलाचं सुरुवातीचं काही शिक्षण मेक्सिकोत, मझात्लानला झालं. मग आईबरोबर पुन्हा लॉस एंजेलिस. दुसरीच्या वर्गात बाईंनी त्याला कोपऱ्यात बसवलं, कारण त्याला इंग्रजी येत नव्हतं. पुढं आयुष्यभर ते ही गोष्ट सांगत. या मुलाला आपण मठ्ठ आहोत असं वाटलं नाही; उलट, एवढ्या मोठ्या बाईला माझी साधी भाषा कशी कळत नाही, याचंच त्याला नवल वाटलं. घरून भक्कम तरबियत घेऊन आलेलं मूलच असा विचार करू शकतं. आपली किती मुलं कोपऱ्यात बसल्यावर असा विचार करतात?

शिक्षक झाल्यावर त्यांनी तेच कोपरे पाहिले. स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा. मुलांना मोटार दुरुस्ती, मुलींना टंकलेखन आणि गृहशास्त्र. कॉलेजचं नाव कुणी काढायचं नाही. मार्च 1968 मध्ये पाच शाळांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्यांची यादी आजही वाचण्यासारखी आहे. आपला इतिहास शिकवा, आपले शिक्षक आणि मुख्याध्यापक नेमा, छडी बंद करा. आणि मध्येच एक मागणी अशी, की शाळेच्या जेवणात आमचे पदार्थ असावेत आणि ते करताना देखरेखीला आमच्या आयांना येऊ द्यावं. राजकारण करणाऱ्यांना ही मागणी क्षुल्लक वाटेल. मला ती सगळ्यांत मोठी वाटते. जिच्याबद्दल शाळा ‘हिला पर्वा नाही’ म्हणत होती, त्या आईला मुलांनी थेट शाळेच्या स्वयंपाकघरात आणून उभं केलं.

कास्त्रो मुलांबरोबर बाहेर पडले. काही ठिकाणी पोलिसांनी मुलांना मारलं. पुढं बारा जणांबरोबर कास्त्रोंना अटक झाली, शाळांचं कामकाज उधळण्याचा कट केल्याचा आरोप ठेवला गेला, वर्गातून काढलं गेलं. त्यांना परत घ्यावं म्हणून आईबाप आणि विद्यार्थी शाळा मंडळाच्या सभागृहात ठाण मांडून बसले, तेव्हा कुठं ते परत आले. आरोप काही वर्षांनी रद्द झाले. खूप नंतर त्याच शहरातल्या एका शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. मंडळं असंच करतात.

इथं मला थांबावं लागतं, कारण मीही तीस वर्षं हजेरीपट सांभाळला आहे. सोळा वर्षांच्या मुलाला वर्ग सोडायचं बळ देणं आणि त्याच्या पाठीवर पोलिसांची काठी पडणं, याचा हिशेब शिक्षकाकडं मागायचा नाही का? मागायचा. कास्त्रो बरोबर होते असं मी म्हणतो, पण ते सहजपणे बरोबर होते असं म्हणवत नाही. शिवाय ‘आपला माणूस’ खुर्चीवर बसला की काय होतं हेही आपण पाहिलं आहे. संस्थेत एक आपला माणूस गेला की त्याचे मेहुणे शिपाई होतात आणि भाचे कारकून, आणि गरीब पोरं जिथल्या तिथं. घर शाळेत आणणं याचा असा अर्थ होणार असेल तर ते दारातच राहिलेलं बरं. कास्त्रोंनी कोपऱ्याची आठवण आणली. नातेवाईक आणले नाहीत. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आक्षेप आणखी एक आहे, आणि तो घरातूनच आलेला. रिचर्ड रॉड्रिगेझ हे मेक्सिकन आईबापांचे पुत्र, सॅक्रामेंटोत वाढलेले लेखक. शाळेतल्या नन एकदा त्यांच्या घरी आल्या आणि आईबापांना म्हणाल्या, मुलांशी घरात इंग्रजी बोला. आईबापांनी तसं केलं. शिक्षकाचा शब्द कोण मोडणार? मुलगा शाळेत चमकला आणि घर मुकं झालं. 1982 साली लिहिलेल्या आत्मकथेत त्यांनी ही मुकी झालेली संध्याकाळ लपवलेली नाही, आणि तरीही द्विभाषिक शिक्षणाला विरोध केला. सार्वजनिक भाषा हा गरिबाच्या मुलाचा हक्क आहे आणि त्याची किंमत मोजावीच लागते, असं त्यांचं म्हणणं. कॅलिफोर्नियानं 1998 साली मतदानानं द्विभाषिक शिक्षण जवळपास बंद केलं आणि 2016 साली मतदानानंच ते पुन्हा खुलं केलं. म्हणजे त्या राज्यालाही नक्की उत्तर सापडायला अठरा वर्षं लागली. उर्दू माध्यम की मराठी, की कर्ज काढून इंग्रजी, हा वाद आपल्या मोहल्ल्यात ज्यांनी रात्र रात्र घातला आहे, त्यांना रॉड्रिगेझना सरळ चुकीचं ठरवणं जड जाईल. मलाही जातं. पण त्यांच्या घरी आलेल्या त्या ननना आपण काय मागतो आहोत हे ठाऊक होतं का? मागणाऱ्याला किंमत माहीत नसताना दुसऱ्यानं ती फेडायची, हे मला पटत नाही.

आता माझं. मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक होतो. ‘सर, तुम्ही मुसलमान वाटतच नाही,’ असं सहकारी मायेनं म्हणायचे आणि मला, खोटं का बोला, बरं वाटायचं. माझे अब्बा मला पहिलीत सोडायला आले तेव्हा गुरुजींना म्हणाले होते, ‘हड्डी हमारी, गोश्त आपका.’ त्यानंतर दहा वर्षांत ते शाळेत आले नाहीत. अम्मी तर एकदाही नाही. ते बेफिकीर होते असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

आणि तरी आठवीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर, तिची आई चार पालकसभांना आली नाही म्हणून, मी लाल शाईनं लिहिलं, ‘पालक उदासीन.’ सगळ्यांना लावतो तोच नियम, पक्षपात नको. पुढं पुष्कळ वर्षांनी एका लग्नात ती मुलगी भेटली. आता ती स्वतः शिक्षिका आहे. हसत हसतच म्हणाली, ‘सर, अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं ना. तिनं विचारलं, क्या लिखे सर? मी सांगितलं, लिहिलंय की मुलीवर तरबियत चांगली आहे.’

त्या वर्षी ईदला तिच्या घरून माझ्याकडं शीरखुर्म्याचा डबा आला होता. का आला हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे अम्मीनं शिकवलेलं. मी त्यात साखर भरून तो त्या मुलीच्याच हाती परत पाठवला होता.